सशाची सहा रोपे

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या रानात एक ससा राहत असे. मुलांनो, त्याला दोन क्षणसुद्धा एका जागी बसवत नसे. त्या वर्षी दुष्काळ पडला आणि गवत करपून गेले. सशीण आणि तिची तीन पिल्ले यांच्यासाठी उरली ती सशाने लावलेली वांग्याची सहा रोपे. डोह इतका आटला होता, की प्रत्येकाने रोज सकाळी पाण्याचा एकच द्रोण न्यावा, असे सर्व प्राण्यांनी ठरवले होते.

ससा द्रोण आणून ठेवी आणि भरदुपारी पाने मलूल झाली, की घाईघाईने ओती. मग ओल मुळाशी पोचली का, हे पाहायला माती उकरी. बुजवी, पुन्हा उकरी. आळ्यात वाळके पान पडलेले त्याला खपत नसे. सारा पाचोळा तो कुंपणापलीकडे साळिंदराच्या वाफ्यात ढकली. आठवड्यात दोन रोपे वाळली, बाकीच्यांची फुले गळू लागली. साळिंदराची वांगी मात्र हिरवीगार!

"काका, तुम्ही चोरून दोन द्रोण नेता!" ससा ओरडला.

"एकच नेतो, तोही तुझ्यादेखत," साळिंदर म्हणाला. "ये आत. काटे मिटून घेतो." त्याने पाचोळा बाजूला सारला. खालची माती काळी आणि गार होती.

"हा पाचोळा तर माझा!"

"तूच टाकलास. म्हटलं, काय गुणी शेजारी मिळालाय! अरे, पाणी सकाळीच पाजावं आणि माती झाकावी. तू ओततोस दुपारी, वर उकरून ठेवतोस. वांग्याच्या आधी ऊनच पिऊन जातं."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"दोनदा हाक मारली. तू थांबलास कुठे?"

साळिंदराने अर्धा पाचोळा परत दिला. दुसऱ्या दिवशी सशाने सकाळीच पाणी घातले आणि माती जाड झाकली. पण दुपार होताच त्याचे पंजे शिवशिवू लागले.

"एकदाच बघू का गं?"

"बघा की! मग पिल्लांना ते बघणंच वाढा," सशीण म्हणाली.

सशाने कुंपणाभोवती नऊ फेऱ्या मारल्या, पण पाचोळ्याला हात लावला नाही. काही दिवसांनी चार रोपांना लहान लहान वांगी लागली. सशिणीने पहिले वांगे तिन्ही पिल्लांना वाटून दिले. ससा देठ चघळत अजून फेऱ्याच मारत होता.

तात्पर्य : थोडे असेल ते आधी झाकून जपावे, आणि जपलेले सारखे उकरून पाहू नये.