समुद्राने पाळलेला शब्द

फार पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर एक कडा होता. वर काळाकभिन्न कातळ, त्याच्याखाली तांबड्या भुसभुशीत दगडाचा थर. समुद्र दोघांनाही धडका द्यायचा. कातळ वैतागून म्हणाला, "काय न्यायचं ते ह्या तांबड्याचं ने. मला हात लावू नकोस."

"दादा, मी गेलो तर तू टेकशील कशावर?" तांबड्याने विचारलं.

"मी काळा पाषाण आहे. मला कुणाचा टेकू लागत नाही!"

समुद्राने शब्द दिला आणि पाळलाही. भरतीमागून भरती तो तांबड्याला पोखरत राहिला. खाली गुहा झाली. कातळाला तिचा गारवा आवडू लागला.

एका दुपारी ओहोटीला, समुद्र लांब असताना, कातळ आपल्याच वजनाने कोसळला.

भरतीबरोबर समुद्र परतला. म्हणाला, "मी तर बोटही लावलं नव्हतं. आता तूच माझ्या घरात आलास."