राजाचा हात उठेना

“मग बुवा, त्या बापानं बोलायचं तरी काय?”

लवू अगदी काकुळतीला आला होता. दशावताराच्या नाटकात लिहिलेलं काही नसतं, उभ्या उभ्या सुचेल ते बोलायचं. आणि लवूला बोलायची भारी खुमखुमी. परवाच्या जत्रेत तो राजा झाला. नवस फेडायला देवीपुढे पोटच्या पोराचं मुंडकं उडवायचं, पण हात उठत नाही, असा प्रसंग. पठ्ठ्यानं सूर्य, सागर, हिमालय, सगळ्यांना साक्षीला बोलावलं. अर्धा तास! मान खाली घालून बसलेला युवराज घोरायला लागला. लोक उठून खाज्याच्या दुकानाकडे गेले. कंपनीच्या मालकांनी बजावलं, आजच्या जत्रेत जमलं नाही तर उद्यापासून राजा दुसरा.

गुणाजीबुवा म्हणजे चाळीस वर्षं याच कंपनीत घालवलेला म्हातारा! ते उठले, अंगणातला कोंबडा धरून लवूच्या काखेत दिला आणि हातात सुरी ठेवली.

“पाहुणे यायचेत. काप.”

“एवढंच ना!” लवूनं छाती फुगवली.

कोंबड्यानं मान वाकडी करून एका डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं.

“बुवा… सुरीला धार नाही वाटतं.”

“सकाळीच लावलीय.”

“आज सोमवार ना? सोमवारी कसं…”

“बुधवार आहे.”

“काकींना विचारलंत?”

“तिनंच सांगितलंय. आटप!”

लवूनं सुरी उचलली. कोंबड्याचं काळीज त्याच्या तळहाताला धडधडत लागत होतं.

“बुवा… यानं सकाळपासून पाणी तरी प्यायलंय का हो?”

बुवांनी सुरी काढून घेतली. कोंबडा उडी मारून परसात पळाला.

“अगो, डाळ टाक!” बुवांनी आत काकींना हाक दिली. मग लवूकडे वळले. “आज पोराला एवढंच विचार. पाणी प्यायलास का, बाळा?”

“राजानं असं विचारायचं? शोभेल का?”

“विचारून बघ.”

लवूनं ते वाक्य ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

“पण बुवा, एवढं विचारल्यावर तलवार उचलवलीच नाही माझ्याच्यानं, तर? नवसाचं काय? देवीला काय सांगू?”

“काही सांगू नकोस, मेल्या. आज देवी मीच होणार आहे.”