नव्या क्लीनरची थाप

चाळीस वर्षांपूर्वी एका ट्रकचालकाने मागच्या फाळक्यावर पडलेल्या दोन थापा ऐकल्या होत्या. धप, धप. म्हातारपणीही तो आवाज त्याच्या कानातून गेला नव्हता.

आता तो तालुक्याच्या गावी गाडी शिकवत असे. त्याचा शिष्य सिद्राम वर्षभर एका दवाखान्याची गाडी चालवत होता. डायलिसिसच्या तीन रुग्णांना घाट उतरून शहरात न्यायचे आणि परत आणायचे. समोर काही आडवे आले, तर ती गाडी आपोआप ब्रेक लावी.

एके दिवशी ती गाडी वर्कशॉपमधून परत आली.

“काय केलं तिथं?” वृद्धाने विचारले.

“नवा प्रोग्राम घातला म्हणे.”

“म्हणजे काय बदललं?”

“ते कोण विचारत बसतंय, उस्ताद? गाडी तर तीच आहे.”

वृद्ध उठला. त्याने शेजारच्या दुकानातून दोन रिकामी खोकी आणली आणि मैदानाच्या मधोमध एकावर एक रचली. “घाल गाडी यांच्यावर. ब्रेकला पाय लावू नकोस.”

सिद्राम हसला. “खोक्यांना कशाला भिववता? हातभर अलीकडेच थांबेल ती.”

गाडी निघाली. आत टूं टूं वाजले, पण ती थांबली नाही. खोकी चपटी झाली. सिद्रामने करकचून ब्रेक दाबला. उद्या सकाळी त्याच्या मागे तीन आजारी माणसे बसणार होती.

“बिघडवून ठेवली की हो यांनी.”

“बिघडली नसेल, बाळा. बदलली असेल. आधी थांबायची, आता नुसती सांगते.” वृद्ध सावकाश बोलत होता. “माझा क्लीनर दोन थापा मारायचा, म्हणजे ‘येऊ दे मागे’. दहा वर्षं तेच. एकदा तो गावाला गेला, बदली माणूस आला. त्याच्या दोन थापा म्हणजे ‘थांब’. मी विचारलंच नव्हतं. ट्रक मागे घेतला. त्याचा पाय गेला.”

त्याने चपटी झालेली खोकी उचलून बाजूला ठेवली.

“ट्रक तर तोच होता. तेव्हापासून नवा माणूस आला की आधी विचारायचो, तुझी थाप कशी? मगच किल्ली फिरवायचो. या गाडीतला क्लीनर दिसत नाही, एवढंच. तो आधीच्यापेक्षा हुशारही असेल. पण ओळख आपण करून घ्यायची असते.”

“मग आता?”

“वर्कशॉप सहापर्यंत उघडं असतं.”

सिद्रामने किल्ली वृद्धाच्या हातावर ठेवली आणि “काय काय बदललंय ते विचारूनच येतो,” म्हणत तो वर्कशॉपच्या रस्त्याने चालू लागला.