परतीचं दुसरं जहाज

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ते राज्य वसलेलं होतं. राजा मनानं चांगला होता. हसरा, हौशी, चटकन रुसणारा आणि तितक्याच चटकन विसरणारा.

त्याचे कारभारी होते सखोपंत. हिशेबात त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. पण राजाच्या कपाळावर आठी दिसली, की पंत लगेच आपलं म्हणणं मागे घ्यायचे.

एकदा समुद्रापलीकडच्या राजाचं आमंत्रण आलं. आमच्या रानात सिंह आहेत, शिकारीला या.

राजा हरखून गेला. त्याच्या डोंगरात वाघ होते, गवे होते. सिंहाबद्दल मात्र त्यानं नुसतं ऐकलं होतं. "पंत, पावसाळ्याच्या आत जाऊन यायचं," तो म्हणाला. "काय काय लागेल, खर्च किती येईल, सगळं ठरवा आणि मला सांगा."

पंत कामाला लागले. जहाजांच्या तांडेलांना भेटले, वैद्यांना भेटले, पागेत जाऊन घोड्यांच्या चाऱ्याचा अंदाज घेतला. बरोबर हाकाऱ्यांचा नाईक हैबती असायचा. हाकारे म्हणजे ढोल बडवत, ओरडत रान उठवणारी आणि जनावर शिकाऱ्यापुढे आणणारी माणसं. ती पायी चालतात. जनावर उलटलं, तर पहिलं त्यांच्यावर येतं.

"परक्या रानात माणसं जास्त लागतील, पंत," हैबती म्हणाला. "जाताना दोन जहाजं, तर येतानाही दोन धरा. एकदा वारा फिरला आणि दर्या बंद झाला, की मग पावसाळाभर कुणी कुणाला आणायला येत नाही."

"हे काय सांगायला हवं?" पंत म्हणाले.

खर्चाचा आकडा तयार झाला. मोठा होता, पण खरा होता. पंतांनी तो राजाला सांगितला.

राजाच्या कपाळावर आठी उमटली. "एवढा?" तो म्हणाला. "बघा बुवा, काही कमी होतं का."

त्यानं हुकूम केला नव्हता. नुसतं विचारलं होतं. 'नाही महाराज, यात कमी होणार नाही,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण राजाच्या कपाळावरची आठी बघून पंत म्हणाले, "होईल, महाराज."

आता कशाला कात्री लावायची? यजमानांचा नजराणा कमी केला, तर राजाच्या लक्षात येणार. तंबू साधे घेतले, तर तो नाराज होणार. तेव्हा जे राजाला दिसणार नव्हतं, तेच पंतांनी काढलं. आधी यादीतून वैद्य गेले. मग राजा म्हणाला, "बरोबर वाजंत्री हवीत. चांदीच्या दांड्याची छत्रीही करून घ्या. ठरल्या खर्चात बसवा म्हणजे झालं." पंत पुन्हा म्हणाले, "होईल." आणि दुसरं जहाज त्यांनी फक्त जाण्यापुरतं ठरवलं.

तिकडचा राजा मोठा माणूस आहे, एखादं जहाज देईलच, असं ते स्वतःला समजावत राहिले. नाहीतर बंदरात भाड्यानं मिळेल. हे त्यांनी इतक्या वेळा घोकलं, की ते जवळजवळ खरं वाटायला लागलं. पण जेवण काही जाईना.

निघायच्या दिवशी हैबतीनं विचारलं, "येतानाची सोय झाली ना, पंत?"

"झाली," पंत म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

पलीकडे मोठ्या थाटात स्वागत झालं. वाजंत्री वाजली, छत्री चमकली. दुसरं जहाज माणसं उतरवून आपल्या वाटेनं निघून गेलं. राजा रोज रानात जायचा आणि पंत रोज बंदरावर. तिथली माणसं मान हलवायची. एके दिवशी ती म्हणाली, "आमच्या राजाची जहाजं व्यापाराला गेलीत, पावसाळ्यानंतर येतील. बाकीचीही एकेक करून निघालीत. हवं असेल तर आजच ठरवा, पण उद्या सकाळी निघावं लागेल."

उद्या निघायचं, तर शिकार सोडावी लागणार होती. पंत लगबगीनं राजाच्या तंबूकडे आले. तेवढ्यात राजाच धावत बाहेर आला. "पंत, आज सिंहाचे ठसे दिसले! ताजे!"

त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

"वा, महाराज," पंत म्हणाले आणि आल्या पावली परत फिरले.

पुढे सिंह मिळाला. त्याचं कातडं घेऊन सगळे आनंदानं किनाऱ्यावर आले. तिथे एकच जहाज उभं होतं. वारा फिरायच्या बेतात होता.

"दुसरं कुठे आहे?" राजानं विचारलं.

"नाही, महाराज. मी ठरवलंच नव्हतं. खर्चात बसत नव्हतं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"आपण नाराज व्हाल म्हणून."

राजा त्यांच्याकडे बघतच राहिला. "मी आजवर कुणाला शिक्षा केली, पंत?"

राजानं हातातल्या अंगठ्या काढून तांडेलापुढे धरल्या. पण तांडेल म्हणाला, "सोनं दिलंत म्हणून जहाज कुठून आणू?" मग जहाजात जागा व्हावी म्हणून तंबू उतरवले, घोडे यजमानांना दिले, सिंहाचं कातडंसुद्धा वाळूवर टाकलं. तरी काही हाकारे मावेनात.

"ज्यांची पोरं लहान आहेत, त्यांनी आधी चढा," हैबती म्हणाला आणि स्वतः बाजूला झाला. पंतही जहाजावर चढले नाहीत. ते मुकाट्यानं मागे राहणाऱ्यांत जाऊन उभे राहिले. "वारा पुन्हा फिरला की पहिलं जहाज तुमच्यासाठी," असं वचन देऊन राजा जड मनानं निघाला.

पाऊस सुरू झाला. किनाऱ्यावरच्या झोपड्यांत माणसं दाटीवाटीनं राहू लागली. ओल्या हवेत तापाची साथ आली. वैद्य नव्हता. पंत ज्याच्या त्याच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत बसायचे. बरेचजण उठले. हैबती मात्र उठेना.

"पंत, वारा फिरला का?" तो क्षीण आवाजात विचारायचा.

फिरला, असं म्हणणं किती सोपं होतं! त्याला बरं वाटलं असतं. पण या वेळी पंत म्हणाले, "नाही, हैबती. अजून नाही."

हैबतीनं मान हलवली. दोन दिवसांनी तो गेला. वारा फिरला तो त्यानंतर.

राजानं वचन पाळलं. जहाज आलं, उरलेली माणसं घरी पोचली. राजानं पंतांना एका शब्दानंही दुखावलं नाही. त्यांनीच कारभाराच्या किल्ल्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि ते हैबतीच्या घरी गेले.

हैबतीची बायको तुळजा दारात उभी होती. पंतांनी तिला सगळं सांगितलं. वैद्य कसे काढले, जहाज कसं काढलं, तंबूच्या दारातून कसे परत फिरले. काही लपवलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही आधीच खरं सांगितलं असतं, तर राजांनी काय केलं असतं?"

"रागावले असते," पंत म्हणाले. "दोन दिवस बोलले नसते माझ्याशी."

तुळजानं डोळ्यांना पदर लावला.

"मग रागावू द्यायचं होतं की, पंत," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं लक्षात असू द्या: ज्याला वेळेवर 'नाही' म्हणवत नाही, त्याच्या 'हो'ची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.