पाच लाखांचा उरलेला वाटा

दामदुप्पट योजनेचा मालक बंदरावरच्या कोळणींचे पैसे घेऊन रातोरात पळाला. कुणाच्या लेकीचं लग्न त्या पैशांवर होतं, कुणाच्या होडीचं इंजिन. अशात कोट घातलेला एक साहेब पैसे बुडालेल्यांची यादी घेऊन मासळीबाजारात उभा राहिला.

"तुमचे पैसे आम्ही जप्त करून ठेवलेत," तो गुरकावला. "आजच्या आज दहा-दहा हजार शुल्क भरा, नाहीतर सगळं सरकारजमा!"

बायका गळ्यातलं सोनं उतरवू लागल्या. तेवढ्यात चांगुणाबाई पुढे झाली. तिचेही पाच लाख त्या योजनेत बुडाले होते.

"साहेब, माझे पाच लाख तुमच्याकडेच आहेत ना? मग दिवस कलला की मी मासळीचा उरलेला वाटा पडेल त्या भावाला देते, तसे ते तुम्हीच घ्या. लाखाला देते. वरचे चार लाख तुमचे."

साहेब हातातली यादी चाळू लागला.

"पन्नास हजार? पाच हजार? बरं, शंभर द्या!"

"असं... असं नियमात बसत नाही," साहेब कपाळ पुसत मागे सरकला.

चांगुणाबाई बायकांकडे वळली. "सोनं गळ्यात घाला गं! पाच लाख शंभराला मिळत असताना कोण सोडतो? टोपली रिकामी आहे हे ज्याला ठाऊक असतं, तोच!"