वाफ धरणारा खडा

एका राज्यात चंद्रकेतू नावाचा राजा होता, आणि तो फार थकला होता. त्याच्या एकुलत्या एका कन्येला, मृणालवतीला, एका मांत्रिकाने खडा करून हिऱ्यांच्या तबकात टाकले होते. "तिला ओळखून राजाच्या हाती ठेवा. चुकेल तो पोपट होईल," एवढे सांगून मांत्रिक दाराशीच बसून राहिला. शाप राखून राखून त्यालाही कंटाळा आला होता.

पारखी आले आणि पोपट झाले. पुढे पुढे तर दरबाराला पेरू पुरेनात. अखेर म्हातारा माणकोजी पारखी आला. त्याचा थोरला भाऊ राणोजीही पोपट होऊन तिथेच दांडीवर बसला होता.

"दादा, कोणता निवडलास?"

"सर्वांत मोलाचा," पोपट म्हणाला. "राजकन्या दुसरी काय असणार? माघारी जा, माणक्या."

"तुझ्यावाचून घर खायला उठते," म्हणून माणकोजीने तबक पुढे ओढले.

पहिली परीक्षा रंगाची. पांढऱ्या कापडावर, सकाळच्या उजेडात, पिवळट खडे वेगळे झाले. दुसरी डागांची. भिंगातून पाहता पाहता त्याचे डोळे पाझरू लागले. तिसरी वाफेची. हिऱ्यावरची तोंडाची वाफ तत्काळ उडते, काचेवर रेंगाळते. रेंगाळली की पारखी तो खडा सारतो आणि पुन्हा त्याकडे पाहत नाही.

एका खड्यावर वाफ रेंगाळली.

"काच आहे. सार बाजूला," पोपट म्हणाला.

माणकोजीचा हातच उचलेना. इतका तो शिणला होता. हनुवटी मुठीवर टेकून तो नुसता पाहत राहिला. वाफ विरली. मग कोणी न फुंकता पुन्हा आली. विरली, पुन्हा आली.

"दादा, ही काच श्वास घेते आहे."

पोपटाने मान वाकडी करून खड्याकडे पाहिले. "आम्ही सगळ्यांनी तो सारला होता," तो म्हणाला.

माणकोजीने खडा राजाच्या हाती ठेवला.

"याचे मोल काय?" राजाने विचारले.

"काही नाही, महाराज. पण जिवंत आहे."

राजाची ओंजळ जड झाली आणि मृणालवती त्याच्यासमोर उभी राहिली. राजा तिच्या गळ्यात पडून रडला. दांड्यांवरून पारखी धपाधप खाली पडले. मांत्रिकाने झोळी उचलली, "सुटलो," म्हणाला आणि चालू लागला.

तेव्हापासून त्या राज्यात वाफ धरणारा खडा पारखी दोनदा पाहतात.

माणकोजी मात्र भावाच्या खांद्यावर डोके ठेवून तिथेच झोपला. राणोजीच्या खांद्याला रग लागली, तरी तो हलला नाही.