दाजींचा गुपचूप कॅमशाफ्ट

एका गावात एक भोळा मेकॅनिक होता, सुबराव नावाचा. बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे हंबीरदाजींच्या गॅरेजात कामाला. सांगितलेलं काम जसंच्या तसं करायचा. दुखणं तेच होतं.

जत्रेत मोटरसायकलींची शर्यत होती. गाडी कंपनीतून आली तशीच पळवायची, असा पंचांचा नियम. दाजींनी मात्र गुपचूप मोठा कॅमशाफ्ट आणला. त्यानं इंजिनात पेट्रोल-हवा घेणारे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात. इंजिन पळतं जास्त आणि पितंही जास्त.

"एका माणसाला कळता कामा न्हाय," दाजी म्हणाले. "कळलं तर गाडी बाद, आन् तू परत म्हशींमागं."

"व्हय दाजी." गॅरेज म्हणजे सुबरावचा जीव की प्राण.

"आन् हा त्याच्याबरोबरचा, इंजिनाला पेट्रोल पाजणारा कार्बोरेटर. कॅमशाफ्ट, कार्बोरेटर म्हंजे नवराबायको. जोडी जुळवूनच बसवायचं."

सुबराव तडक जोशीबुवांकडे गेला. "एक जोडी जुळवायची हाय. नावं सांगायची न्हाईत. दोघं एकाच घरातनं आल्यात."

"मग सगोत्र झालं," बुवा म्हणाले. "हे लग्न होणे नाही."

सुबरावने परक्या कंपनीचा, एका म्हाताऱ्या स्कूटरचा इवलासा कार्बोरेटर बसवला. गाडी दमेकऱ्यासारखी खोकू लागली.

दाजींनी कपाळावर हात मारला. "आरं, जोडी मापानं जुळवायची. मोठ्याला मोठा. तरी पेट्रोल कमी पडलं तर भोक मोठं करायचं. आतलं जेट काढून मोठ्या भोकाचं घालायचं."

"व्हय दाजी. भोक मोठं करायचं."

दुसऱ्या दिवशी शाळेचे गुरुजी आले. त्यांची गाडी नवी, कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची. "पेट्रोल कमी पडतंय बहुतेक," ते म्हणाले. सुबरावने ड्रिल घेतलं आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं भोक मोठं केलं. गुरुजींनी किक मारली आणि ते पेट्रोलनं न्हाऊनच घरी गेले.

"इंजेक्शनच्या गाडीला सीटखाली कॉम्प्युटरची डबी असती," दाजी दातओठ खात म्हणाले. "काय बदललं ते डबीला कळवायचं. पेट्रोल किती सोडायचं ते ती बघती. आपण भोकाला हात लावायचा न्हाय."

"व्हय दाजी. डबीला कळवायचं."

शर्यतीचा दिवस उजाडला. दाजींच्या गाडीत जोडीचा मोठा कार्बोरेटर बसला होता, तरी ऐन वेळी ती अडखळली. "पेट्रोल कमी पडतंय, बघ लवकर," म्हणून दाजी पंचांकडे नाव नोंदवायला गेले.

मोठं जेट सुबरावच्या खिशातच होतं. पण तो भोकाला हात लावणारा नव्हता. त्याने सीट उचलली. खाली पान्यांची डबी होती. डबी ती डबीच. तो वाकून हळूच म्हणाला, "बाई, कॅमशाफ्ट मोठा बसवलाय. पेट्रोल जास्त सोड."

गाडी अडखळतच राहिली. जत्रेत ढोल, पिपाण्या, पाळण्यांचा कलकलाट. या गोंगाटात बिचारीला ऐकू येत नसणार, असं सुबरावला वाटलं. त्याने सरळ मांडव गाठला आणि माईक हातात घेतला.

मांडवावरचे चारही भोंगे गरजले, "हंबीरदाजींच्या गाडीच्या डबीनं लक्ष द्यावं. गाडीत मोठा कॅमशाफ्ट बसवलेला हाय. पेट्रोल जास्त सोडावं."

पंचांनी नुकतंच लिहिलेलं दाजींचं नाव खोडलं.

दाजी चप्पल हातात घेऊन धावत आले. "सुबऱ्या, माणसाला कळता कामा न्हाय म्हणालो हुतो न्हवं?"

"माणसाला कुठं सांगितलं, दाजी?" सुबराव म्हणाला. "डबीलाच सांगितलं. माणसांनी ऐकू नये, असं आधी तीनदा पुकारलं की."